ऱ्होड्सच्या पुतळ्याचे ९०० उंट

ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरचा तो अजस्र कांस्यपुतळा अरबांनी पाडला, ही गोष्ट अजूनही फिरते. इ.स. ६५३-५४ च्या सुमारास सीरियाचा सुभेदार मुआविया याच्या फौजेने बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याकडून बेट हिसकावलं, पुतळा मोडीत काढला आणि एडेसा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) इथल्या एका ज्यू व्यापाऱ्याने ती मोड ९०० उंटांवर लादून नेली, असं सांगतात.

स्वारी झाली, हे खरं. पण पाडायला पुतळा उभा होताच कुठे? सूर्यदेव हेलिओसचा हा सुमारे ३३ मीटर उंच पुतळा इ.स.पू. २२६ च्या आसपास भूकंपात गुडघ्यापाशी मोडून पडला. म्हणजे अरब येण्याच्या पावणेनऊशे वर्षं आधी! रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात वर्णन केलं तेही आडव्या पडलेल्या पुतळ्याचंच: त्याच्या अंगठ्याला कवेत घेऊ शकणारे थोडेच.

राहिली भंगारविक्री. उंटांचा किस्सा येतो थिओफानीस या बायझंटाईन संन्याशाकडून, तोही दीडशे वर्षांनी लिहिलेला. बेट घेतल्याची नोंद करणारा अरब इतिहासकार बलाधुरी मात्र पुतळ्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

शिवाय हिशेब बसत नाही. पुतळ्याला ५०० टॅलेंट (वजनाचं प्राचीन ग्रीक माप, सुमारे २६ किलो) कांसं आणि ३०० टॅलेंट लोखंड लागलं, असं एक जुना ग्रीक मजकूर सांगतो. सगळं मिळून साधारण २१ टन. ९०० उंटांत वाटलं, तर एकेकाच्या पाठीवर जेमतेम २३ किलो. एवढं ओझं गाढवही कुरकुर न करता नेतं.