मिलवॉकीच्या चौकातील फ्रेंच जत्रा आणि तिच्या पदार्थांचा प्रवास

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले मिलवॉकी हे शहर ओळखले जाते ते बिअरसाठी आणि जर्मन स्थलांतरितांसाठी. तरीही १९८२ पासून तेथील कथीड्रल स्क्वेअर परिसरात जुलै महिन्यात ‘बॅस्टील डेज’ हा फ्रेंच उत्सव भरत आला आहे. आयफेल मनोऱ्याची ४३ फूट उंचीची प्रतिकृती, रस्त्यावरचे संगीत आणि दुतर्फा खाण्याचे ठेले असे त्याचे स्वरूप असते. यातले बेन्ये (एक गोड तळण), गम्बो (दाट रस्सा) आणि केजन मसाल्यांचे पदार्थ शोधत कोणी पॅरिसला गेला, तर त्याची बहुधा निराशाच होईल. कारण ते ज्या रूपात येथे मिळतात, ते रूप फ्रान्सबाहेर पडलेल्या फ्रेंचांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी घडवलेले आहे.

उत्सवामागची तारीख मात्र अस्सल पॅरिसची आहे. १४ जुलै १७८९ रोजी जमाव बास्तीय (इंग्रजीत बॅस्टील) किल्ल्यावर चालून गेला तो दारूगोळ्यासाठी, पण त्यामागे महागलेल्या पावाची धग होती. जुलै १७८८ मधील गारपिटीने पिके झोडपली आणि १७८९ च्या आरंभी पॅरिसमध्ये सुमारे २ किलोंच्या पावाची किंमत साडेचौदा सू (तेव्हाचे फ्रेंच नाणे) झाली. साध्या मजुराची दिवसाची कमाई तेव्हा २० ते ३० सू होती. फ्रान्समध्ये १४ जुलैला राष्ट्रीय सणाचा दर्जा मिळाला तो १८८० च्या कायद्याने. भाकरीच्या टंचाईतून उसळलेल्या दिवसाची आठवण आज जगभर खाण्याची रेलचेल करून साजरी होते, यातला विरोधाभास ठेल्यापुढच्या रांगेत क्वचितच कोणाच्या मनात येत असेल.

मिलवॉकीचा फ्रेंचांशी संबंध उत्सवापुरता नाही. झां निकोले हा फ्रेंच प्रवासी १६३४ मध्ये या प्रदेशात पोहोचला आणि त्यामागून केसाळ कातड्यांचे व्यापारी होड्यांतून येत राहिले. रसीन, ला क्रॉस, फॉन्ड डू लॅक ही विस्कॉन्सिनमधील गावांची नावे त्यांचीच खूण आहेत. शहराचा एक संस्थापक आणि १८४६ मधील पहिला महापौर सॉलोमन जुनो हा कॅनडातील क्युबेकमध्ये जन्मलेला असाच व्यापारी होता. या होडीवाल्यांचे रोजचे जेवण म्हणजे वाळवलेले वाटाणे किंवा मका डुकराच्या चरबीत शिजवलेला. आजच्या फ्रेंच खाण्याच्या कल्पनेत त्याला जागा नाही.

ती जागा घेतली आहे अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्याने. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया भागात, म्हणजे जुन्या अकादीत, राहणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हुसकावून लावले. दहा हजारांहून अधिक लोक देशोधडीला लागले आणि त्यांतील काही १७६० च्या दशकात लुइझियानाच्या पाणथळ भागात स्थिरावले. ‘अकादियन’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘केजन’ झाला. लुइझियाना १८०३ मध्ये नेपोलियनने अमेरिकेला विकली, पण चुलीवरची भाषा तेवढ्याने बदलली नाही. गम्बो हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यातील ‘रू’, म्हणजे स्निग्धात परतलेले पीठ, फ्रेंच स्वयंपाकातले. परंतु फ्रान्समध्ये ते सहसा फिकट ठेवतात, तर लुइझियानात बेसन खमंग भाजावे तसे, बरेचदा चॉकलेटी रंग येईपर्यंत भाजतात. ‘गम्बो’ हे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आले आहे, तर रस दाट करणारी ससाफ्रास या झाडाच्या पानांची पूड चोक्टॉ या मूलनिवासी लोकांकडून आली. ही चव घडवण्यात गुलामगिरीतील आफ्रिकी स्वयंपाकिणींचा वाटा मोठा आहे, आणि ‘फ्रेंच’ या एका विशेषणाखाली तो झाकला जातो हे मान्य करायला हवे.

बेन्येची गोष्ट याहून सरळ आहे. फ्रान्समध्ये हा शब्द सफरचंदाच्या भज्यांपासून अनेक तळणींना लागू पडतो. लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स शहराचे बेन्ये मात्र यीस्टने फुगवलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे तळून करतात. आतून पोकळसर आणि वर पिठीसाखरेचा जाड थर. कपड्यांवर साखर सांडल्याशिवाय ते खाता येत नाहीत. १९८६ मध्ये लुइझियानाने त्यांना राज्याचा अधिकृत डोनट ठरवले.

अशा उत्सवांतला क्रेप, म्हणजे पातळ धिरड्यासारखा पदार्थ, त्या मानाने थेट फ्रान्सचा, आणि तोही ब्रिटनी या वायव्येकडील प्रांताचा. तेथे गव्हाच्या पिठाचा गोड क्रेप आणि कुट्टूच्या पिठाची तिखटमिठाची ‘गालेत’ असा भेद पाळतात. ‘बिलिग’ या सपाट गोल तव्यावर लाकडी फिरकीने पीठ पसरवले जाते. आपल्याकडच्या घावन घालणाऱ्या हाताला ही कृती परकी वाटणार नाही.

बेन्येसोबत न्यू ऑर्लिन्समध्ये दूध घातलेली, चिकोरी मिसळलेली कॉफी पितात. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश मालावर बंदी घातल्यानंतर कॉफी दुर्मीळ झाली, तेव्हा चिकोरीचे भाजलेले मूळ फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचले. अमेरिकी यादवी युद्धात न्यू ऑर्लिन्स बंदराची नाकेबंदी झाल्यावर तेथेही त्याचा आधार घेतला गेला. टंचाई सरली, चव राहिली. मुंबईतल्या उडुपी उपाहारगृहात फिल्टर कॉफीची सवय असलेल्याला तो कडवटपणा पहिल्याच घोटात ओळखीचा लागेल.