पाकिटावरची कोणती ओळ वाचायची? दुधातली मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल

पाकिटावरचा कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून दूध किंवा चीज निवडत असाल, तर नजर चुकीच्या ओळीवर आहे. 3.5 टक्के फॅटच्या 250 मिली दुधात कोलेस्टेरॉल जेमतेम 30 मिलिग्रॅम असते. बहुतेकांचे एलडीएल (रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) तेवढ्याने फारसे हलत नाही. ते हलते ‘सॅच्युरेटेड फॅट’मुळे, म्हणजे संपृक्त मेदामुळे. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर रक्तातले एलडीएल उचलून घेतात. सॅच्युरेटेड फॅट जास्त झाले की त्यांचे काम मंदावते. न उचललेले एलडीएल रक्तात फिरत राहते आणि धमन्यांच्या भिंतीत साठू लागते.

दुधाच्या फॅटमध्ये 400 हून अधिक मेदाम्ले (फॅटचे घटक) असतात, आणि वजनाने सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा संपृक्त मेदाम्लांचा. पण सगळी सारखी वागत नाहीत. एलडीएल वाढवतात ती मुख्यतः तीन: पामिटिक (एकटेच पाव हिस्सा किंवा थोडे अधिक), मिरिस्टिक (दहा टक्क्यांच्या आसपास) आणि थोडेसे लॉरिक. स्टिअरिकही संपृक्तच, पण शरीर त्यातल्या काहीचे ओलिक हे असंपृक्त आम्ल बनवते, त्यामुळे त्याचा एलडीएलवर परिणाम जवळजवळ नाही. ब्युटिरिकसारखी आखूड साखळीची आम्ले आतड्यातून थेट यकृतात जाऊन जळतात. पाकिटावर मात्र ही सगळी एकाच आकड्यात येतात.

आता आमच्याच मालाबद्दल, म्हणजे दुग्धपदार्थांबद्दल, स्पष्ट सांगतो: फॅट तेवढेच असले तरी लोणी चीजपेक्षा एलडीएल जास्त वाढवते. दुधातला फॅटचा प्रत्येक थेंब एका पातळ पडद्यात गुंडाळलेला असतो. घुसळताना तो फाटतो आणि ताकाबरोबर बराचसा निघून जातो. चीजमध्ये पडदा बराच टिकतो, आणि तो एलडीएलची वाढ आवरतो असे दिसते. शिवाय त्यातले कॅल्शियम आतड्यात काही मेदाम्लांना बांधते आणि ती शोषली न जाता बाहेर पडतात. म्हणून चीज मोकळ्या हाताने खावे असे नाही. त्यात मीठ भरपूर असते, आणि रक्तदाब असलेल्यांनी ती ओळही वाचावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सॅच्युरेटेड फॅट दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत हवे. 2000 कॅलरी घेणाऱ्याला म्हणजे सुमारे 22 ग्रॅम. 10 ग्रॅम लोण्यात 5, तेवढ्याच तुपात 6, 30 ग्रॅम कडक चीजमध्ये 6 आणि वर सांगितलेल्या पेलाभर दुधात 5 ते साडेपाच ग्रॅम जाते. बेकरीचे पदार्थ, मांस, तेल यांचा हिशेब वेगळाच.

कमी करताना बहुतेकांची चूक एकच: लोणी काढले आणि त्या जागी साखर-मैदा आला. एलडीएल थोडे उतरते, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ही घटते आणि हृदयाला फायदा दिसत नाही. त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन किंवा मोहरीचे तेल, अक्रोड यांतले असंपृक्त फॅट यायला हवे. फळांच्या स्वादाचे लो-फॅट दही घेतानाही साखर आधी बघा. स्किम्ड दुधात प्रथिने आणि कॅल्शियम शाबूत राहते. कमी होतात ती अ आणि ड जीवनसत्त्वे, म्हणून ती मिसळलेले दूध निवडा. दोन वर्षांखालच्या मुलांना मात्र लो-फॅट दूध नको.

बदलाचा परिणाम तपासायचा तर निदान सहा आठवडे आहार सारखा ठेवून मग रक्त द्या. एलडीएल 190 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर नुसत्या आहारावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. चालू गोळ्या मनाने थांबवू नका.

घरी साय काढून फॅट कमी करणार असाल, तर दूध उकळून, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून मगच साय उचला. तरीही थोडे फॅट दुधात राहतेच. पाकिटावर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिले असेल तर ही खटपट करू नका: त्यात फॅटचे थेंब इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. जी पातळ साय धरते ती बरीचशी प्रथिनांची.