ग्रेड टू म्हणजे किती आठवडे?

12 ऑगस्ट 2017. लंडनमधली जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा, 4 बाय 100 मीटर रिलेची अंतिम फेरी. उसेन बोल्टने बॅटन घेतलं, वेग पकडला आणि डावी मांडी धरून तो ट्रॅकवर कोसळला. संघाच्या डॉक्टरांनी त्या रात्री सांगितलं, पेटका आला. मग दुखापत खरी होती का, अशी कुजबुज सुरू झाली आणि वैतागून बोल्टने काही दिवसांनी वैद्यकीय निदानच जाहीर केलं. मांडीच्या मागच्या बायसेप्स फिमोरिस स्नायूत, वरच्या टोकाला, स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथे एकमेकांत मिसळतात तिथे तो फाटला होता आणि फाटलेला भाग थोडा मागे सरकला होता. विश्रांती आणि व्यायाम मिळून तीन महिने.

मैदानावरच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. विव्हळणाऱ्या खेळाडूची मांडी हाताने चाचपून त्या क्षणी फार काही कळत नाही. पण नंतरच्या निदानात किती गोष्टी आल्या बघा: कोणता स्नायू, त्याचा कोणता भाग, काय झालंय. आपण मात्र या सगळ्याला ‘स्नायू ताणला’ म्हणून मोकळे होतो.

डॉक्टर लोकही फार वेगळे नव्हते. अनेक वर्षं तीन पायऱ्यांवर काम चालत आलं. थोडे तंतू दुखावले तर ग्रेड वन, बरेच तुटले तर टू, पूर्ण स्नायू तुटला तर थ्री. लक्षात ठेवायला सोपं, खेळाडूला सांगायलाही सोपं. पण ‘थोडे’ आणि ‘बरेच’ यांच्यातली रेघ कुठे? त्याहून मोठी अडचण म्हणजे एकच शब्द प्रत्येक जण आपापल्या अर्थाने वापरत होता. म्युनिकमध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने राष्ट्रीय आणि अव्वल संघांच्या डॉक्टरांना ‘स्ट्रेन’ची व्याख्या विचारली. 19 जणांनी उत्तरं दिली, पण त्यांचा आपसात मेळ बसेना. मग 2012 साली या गटाने ‘स्ट्रेन’ हा शब्दच नको असं सुचवलं. स्नायू फाटला असेल तर सरळ फाटला म्हणा. थकवा, मज्जातंतूंची गडबड, व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी येणारा ठणका यांत दुखतं, पण फाटलेलं काही दिसत नाही. त्यांचा खण वेगळा. बाहेरून बसलेला मुका मार तिसऱ्या खणात.

युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मांडीमागच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींचे एमआरआय तपासले तेव्हा सुमारे 70 टक्के दुखापतींत तुटलेले तंतू दिसलेच नाहीत. काहींत फक्त सूज होती, काहींत तीही नाही. तरीही खेळाडू बाहेर बसण्याच्या एकूण दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस याच ‘किरकोळ’ दुखापतींच्या खात्यावर गेले. एमआरआयमध्ये काहीच न दिसलेल्यांना परत यायला सरासरी 8 दिवस लागले, ग्रेड वनला (इथे, फक्त सूज) 17, टूला 22, थ्रीला 73. सरासरी ओळीने चढत जाते, पण वन आणि टू यांच्यातली सरमिसळ मोठी. समोर बसलेल्या एका खेळाडूला ‘तुझी ग्रेड टू, म्हणून इतके आठवडे’ असं सांगणं जवळपास अंदाजपंचेच.

2014 मध्ये ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या डॉक्टरांनी यावर जो उपाय काढला तो मला सगळ्यांत पटतो. त्यासाठी पक्ष्याचं पीस डोळ्यांसमोर आणा. मधला दांडा म्हणजे स्नायूच्या आत शिरलेली कंडरा, त्यातून तिरपे फुटलेले केस म्हणजे स्नायूचे तंतू. पिसाभोवती पातळ पापुद्रा गुंडाळला की झालं स्नायूचं आवरण. या डॉक्टरांनी शून्य ते चार असे आकडे ठेवले. स्नायूच्या आडव्या छेदाचा 10 टक्क्यांहून कमी भाग दुखावला तर एक, 10 ते 50 टक्के तर दोन, त्याहून जास्त तर तीन, पूर्ण तुटला तर चार. पण आकड्यापुढे एक अक्षर जोडलं. आवरणाजवळ असेल तर ए, तंतूंमध्ये किंवा ते कंडरेला चिकटतात तिथे असेल तर बी, खुद्द दांडा चिरला असेल तर सी.

खरी गोम या अक्षरात आहे. तंतूंना रक्तपुरवठा भरपूर, शिवाय दुरुस्ती करणाऱ्या पेशी त्यांच्या कडेलाच बसलेल्या असतात, त्यामुळे ते लवकर सांधतात. कंडरेचं काम संथ. ती जुळल्यासारखी वाटली तरी पूर्वीचा ताण पेलायला तिला बराच वेळ लागतो. म्हणून दोन-बी आणि दोन-सी यांचा आकडा एकच असला तरी सी वाल्यांना परत यायला जास्त वेळ लागला आणि तीच जागा पुन्हा दुखावण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. पुढच्या काही अभ्यासांत हा फरक एवढा ठळक आला नाही, त्यामुळे ‘सी’ ऐकून लगेच हातपाय गाळायचं कारण नाही.

जागेचं महत्त्व सगळ्यांत नाट्यमय दिसतं ते धावपटू आणि नर्तकांच्या तुलनेत. धावपटूची मांडी भर वेगात जाते. पाय पुढे फेकला गेलेला असतो आणि स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, तेव्हा बायसेप्स फिमोरिस फाटतो. नर्तकाचं तसं नाही. तो सावकाश, अगदी सरावाच्या ताणात पाय लांबवतो आणि बसण्याच्या हाडाला लागून असलेली दुसऱ्या स्नायूची मोकळी कंडरा दुखावते. सुरुवातीला धावपटू जास्त लंगडतो, त्याची ताकदही जास्त जाते. नर्तक मात्र ‘काही विशेष नाही’ म्हणत निघून जातो. स्वीडनमधल्या एका अभ्यासात पूर्वीच्या पातळीवर यायला धावपटूंना साधारण 16 आठवडे लागले, नर्तकांना 50. पहिल्या दिवसाच्या कळेवरून अंदाज बांधला असता तर तो नेमका उलटा ठरला असता.

बरं, एमआरआय स्वच्छ आला की परवानगी द्यायची, असं तरी करता येतं का? हॅमस्ट्रिंग दुखापतीतून बरे होऊन खेळायला परतणाऱ्या 53 खेळाडूंचा त्याच सुमारास एमआरआय काढला, तर 47 जणांच्या स्नायूत अजून सुजेची पांढरी झाक होती. दुखणं गेलेलं, धावणं जमत होतं, चित्र मात्र आजारीच. म्हणून परत सोडताना फिजिओ पडद्यापेक्षा खेळाडूकडे बघतात: दाबल्यावर दुखणारी जागा किती उरली, पालथं झोपवून गुडघा वाकवताना दोन्ही पायांच्या जोरात किती फरक आहे, आणि शेवटी पूर्ण वेगाने पळताना तो मनात कचरतोय का.