पार्श्वभूमी : ‘प्रौढ शिक्षण’ हे नाव कुठे गेलं?

शिवाजी विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे. देशातल्या बहुतेक विद्यापीठांत पूर्वी अशा विभागाच्या पाटीवर ‘प्रौढ व निरंतर शिक्षण’ असायचं. पाटी का बदलली, याचं उत्तर शोधत गेलं की माणूस कोल्हापुरातून डेन्मार्क, तेहरान, थायलंडपर्यंत पोचतो.

मोठ्यांनी शिकावं हा विचार मात्र आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत होते, आणि पुढे देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्या आयोगाने प्रौढ शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

युनेस्कोची पहिली जागतिक प्रौढ शिक्षण परिषद १९४९ मध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला भरली. तिथे बहुतेक पाश्चात्त्य देशच होते. मग माँट्रियल, टोकियो, पॅरिस, हॅम्बुर्ग, बेलेम आणि २०२२ मध्ये माराकेश. या परिषदांचे ठराव कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नसतात. तरी त्यांचा प्रभाव खोलवर पोचतो, कारण कशाला काय म्हणायचं आणि काय मोजायचं हे तिथे ठरतं. रोजच्या जगण्याविषयीचं एखादं साधं वाक्य समजून वाचता-लिहिता येणारा तो साक्षर, ही व्याख्या युनेस्कोने १९५८ मध्ये केली. आपल्या जनगणनेतही ‘समजून’ हा शब्द आहेच.

१९६५ मध्ये तेहरानला शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली. ती सुरू झाली त्या ८ सप्टेंबरला आपण आजही साक्षरता दिन पाळतो. तिथून ‘कार्यात्मक साक्षरता’ हा शब्द पुढे आला : अक्षरं कामधंद्याशी जोडायची. १९६७ पासून युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ११ देशांत हा प्रयोग केला. त्यात भारत होता. संकरित बियाणं पेरणाऱ्या शेतकऱ्यासाठी साक्षरता वर्ग, असं त्याचं आपल्याकडचं रूप. कल्पना वाईट नव्हती. दूध सोसायटीच्या पावतीवरचं फॅट वाचता येणं किंवा कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन स्वतः पाहता येणं म्हणजे काय, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. पण प्रयोगात भर उत्पादनवाढीवर राहिला. काटा मारला तर जाब विचारायचं बळ हीही साक्षरताच, तिला तिथे फार जागा नव्हती. १९७६ च्या मूल्यमापनात या संकुचितपणावर बोट ठेवलं गेलं. १९७८ मध्ये गांधीजयंतीला सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने म्हणूनच साक्षरतेच्या जोडीला ‘जाणीवजागृती’ घेतली.

मग जागतिक बँक आली. प्राथमिक शाळेवर खर्चलेल्या रुपयाचा परतावा जास्त, असा तिचा हिशेब. १९९० मध्ये थायलंडच्या जोमतिएनला युनेस्को, युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि बँकेने मिळून ‘सर्वांसाठी शिक्षण’ जाहीर केलं. त्यात प्रौढही होते. प्रत्यक्षात बहुतेक पैसा मुलांच्या शाळेकडे वळला. २००० मध्ये सेनेगलमधल्या डाकारच्या परिषदेत प्रौढ साक्षरतेत, विशेषतः स्त्रियांच्या, १५ वर्षांत ५० टक्के सुधारणेचं वचन दिलं गेलं. त्याच वर्षी आखल्या गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये मात्र प्राथमिक शिक्षण आणि मुलामुलींची समानता उरली. निरक्षर आईसाठी वेगळं उद्दिष्टच नव्हतं. जे मोजलं जात नाही त्याला निधीही मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक ही.

दरम्यान मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी ‘आजीवन अध्ययन’ हा शब्द रुजवत होती. प्रौढांच्या कौशल्यांची तिची पाहणी भारताने कधी केली नाही, पण शब्द आपण घेतला. ‘शिक्षण’ म्हटलं की देणारा कोणीतरी लागतो, शासन लागतं. ‘अध्ययन’ ज्याचं त्याने करायचं. पाटी बदलली तेव्हा जबाबदारीही हळूच सरकली, ही बाब मला फार टोचते.

२०२२ मध्ये केंद्राने नवा साक्षरता कार्यक्रम आणला, तो आज ‘उल्लास’ म्हणून ओळखला जातो. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी हा कार्यक्रम, आणि शिकवणारे बिनमानधन स्वयंसेवक. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची चाचणी. ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्द या वयोगटाला पुरत नाही म्हणून सरकारने त्याजागी ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणायचं ठरवलं, म्हणजे जोमतिएनचाच शब्द. महाराष्ट्रात २०२४ ची चाचणी १७ मार्चला झाली. उसाच्या गळीत हंगामाच्या त्या शेवटच्या दिवसांत मराठवाड्यातून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबं गावच्या वर्गापासून शेकडो किलोमीटर दूर, इथे आपल्या कोल्हापूरच्याच शिवारात कोप्या टाकून असतात.