रंकाळा तलाव

रंकाळा तलाव : कोल्हापूर शहराच्या पश्चिम–नैर्ऋत्य भागातील ऐतिहासिक तलाव व शहराचे मुख्य विहारस्थळ. क्षेत्रफळ सु. १०७ हेक्टर. अंबाबाईच्या मंदिरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांत रंकाळा टॉवरपाशी पोहोचता येते. समुद्र येथून घाटाखाली, आंबा घाटमार्गे रत्नागिरी सु. १३० किमी.; तरी तलावाच्या पूर्व काठाला ‘चौपाटी’ हेच नाव रुळले आहे. या चौपाटीवर वाळू नाही. दगडी संरक्षक भिंत, तिच्या कडेचा पदपथ आणि पायऱ्यांचे घाट मिळून ती झालेली आहे.

तलावाचा घेर काही नोंदींत साडेचार मैल, तर काही नोंदींत साडेचार किमी. दिलेला आढळतो. १०७ हेक्टर म्हणजे १.०७ चौ. किमी.; एवढ्या क्षेत्राचे पूर्ण वर्तुळ धरले, तर परीघ सु. ३.७ किमी. भरतो. रंकाळ्याचा काठ वाकडातिकडा असल्याने साडेचार किमी. पटतात, साडेचार मैल, म्हणजे सव्वासात किमी., क्षेत्रफळाशी जुळत नाहीत. मैल व किमी. यांची अदलाबदल नकलताना झाली असावी.

नाव : ‘रंकाळा’ हे नाव रंकभैरवावरून आले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. करवीर क्षेत्राच्या देवतापरिवारात रंकभैरवाला स्थान असून त्याचे सुवर्णमंडित देऊळ तलावाच्या पोटात गडप झाले, अशी लोककथा आहे. पदाच्या उत्तरार्धाची फोड मात्र पुरेशी झालेली नाही. कोल्हापुरातील जुन्या तळ्यांची नावे एकत्र वाचली, तर पद्माळा, सिद्धाळा, खंबाळा, परताळा अशी मालिका दिसते. एकाच गावात इतक्या तळ्यांच्या नावांचा शेवट सारखा असेल, तर तो शेवट ‘तळे’ या अर्थाचा असणे संभवते. ‘रंकतळे’चे ‘रंकाळे’ आणि पुढे ‘रंकाळा’ झाले असावे. ‘आलय’ शब्दावरूनही व्युत्पत्ती लावता येते. पण बोलीतील झीज पाहता पहिला पर्याय अधिक सरळ वाटतो. गावातील अशा जुन्या तळ्यांपैकी बरीच बुजली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान, कपिलतीर्थाच्या जागी मंडई, तर सिद्धाळ्याच्या जागी बाग आहे. त्यामुळे रंकाळा हे एकेकाळी तळ्यांच्या गावातले एक तळे होते, ही गोष्ट आज सहज लक्षात येत नाही.

उत्पत्ती : याविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्यानुसार येथे दगडाची खाण होती व इ. स. आठव्या-नवव्या शतकांच्या सुमारास झालेल्या भूकंपात जमीन खचून भूगर्भातील पाणी वर आले. दुसऱ्यानुसार शिलाहार राजा गंडरादित्य (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) याने ३६० जैन मंदिरे बांधविली. त्यांसाठी येथून काळा दगड काढला गेला आणि खाणीला पाझर फुटून तलाव झाला. ३६० ही संख्या संकेताची मानावी. गंडरादित्याने ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध व जिन यांची स्थापना केल्याचे ताम्रपटावरून कळते. मात्र तो तलाव मिरज प्रांतातील इरुकुडी येथील होय, त्याचा रंकाळ्याशी संबंध जोडू नये.

भूकंपाच्या मताला भूशास्त्रीय आधार कमी आहे. हा सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात जमिनीला लांब भेगा पडल्या, पण कोठे चौरस किलोमीटरभर जमीन खचून तळे झाले नाही. भूकंपाने खडकातील सांधे उघडतात, विहिरींचे पाणी चढते-उतरते, हे कोयना परिसरात नोंदले गेले आहे. तेव्हा आधीच्या खाणीतला पाझर भूकंपाने वाढला, एवढे म्हणता येईल. तलावच भूकंपाने झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

खाणीच्या बाजूने पुरावा जमिनीवरच आहे. तलावालगतच्या पाणी भरलेल्या खड्ड्यांना आजही ‘खण’ म्हणतात. इराणी खण व पतौडी खण ही त्यांतील ठळक नावे. कोल्हापुरी बोलीत खण म्हणजे दगडाची खाण. तथापि केवळ खाणीनेही हिशेब पुरा होत नाही. १०७ हेक्टरवर एक मीटर खोल खोदले, तरी १०.७ लाख घनमीटर दगड-माती निघते. एका मंदिरास ५०० घनमीटर दगड धरला, तर ३६० मंदिरांना १.८ लाख घनमीटर पुरतो, म्हणजे संपूर्ण तलाव सरासरी १७ सेंमी. खोल होईल इतकाच. उरलेली खोली निसर्गाने दिलेली असली पाहिजे. दक्षिणेकडून ओघळ व नाले तलावात उतरतात आणि जादा पाणी उत्तरेस दुधाळीच्या बाजूने पंचगंगेकडे जाते, हा उतार पाहिला की मुळात ही ओढ्याची सखल जागा असावी, तिच्यात ठिकठिकाणी खाणी खोदल्या गेल्या असाव्यात व पुढे उतारावर बांध घालून पाणी अडविले असावे, असे दिसते. टॉवरजवळची ‘धुण्याची चावी’ यास दुजोरा देते. तेथे चावी फिरवून तलावाचे पाणी धुण्यासाठी खाली सोडता येते, आणि पाणी बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच अडविलेले असल्याशिवाय हे शक्य नाही. बांध पहिल्यांदा कोणी घातला, याचा शिलालेख उपलब्ध नाही.

या घडणीचा व्यवहारातला परिणाम महत्त्वाचा आहे. समुद्राचा किंवा नदीचा काठ हळूहळू खोल होत जातो. खाणीच्या तळ्यात मात्र पाऊल एका टप्प्यावरून एकदम दुसऱ्या टप्प्यावर पडते. कमरेएवढ्या पाण्यातून दोन पावलांत डोक्यावर पाणी येऊ शकते, शिवाय तळाशी केंदाळाची मुळे व गाळ पायात अडकतो. पट्टीचा पोहणाराही येथे फसू शकतो. पोहण्यासाठी जवळचा अंबाई जलतरण तलाव आहे. रंकाळ्यात उतरू नये.

काठावरील वास्तू : पाण्यातला संध्यामठ ही काळ्या दगडाची, हेमाडपंती धाटणीची खांबांची वास्तू. तलाव भरला की तिचा खालचा भाग बुडतो. पूर्ण बांधणी पाहायची तर एप्रिल-मे महिन्यांत, पाणी उतरल्यावर जावे. काठच्या देवळातील नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो व तांदळाएवढा मागे येतो, तो तलावाला पोहोचेल त्या दिवशी जगबुडी होईल, असे सांगतात. वायव्य काठावरील शालिनी पॅलेस (१९३१–३४) काळा दगड व इटालियन संगमरवर यांत बांधलेला असून त्याला घड्याळाचा मनोरा आहे. कोल्हापूरच्या राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्यास दिले आहे. पुढे काही काळ तेथे हॉटेल होते. आग्नेयेस पद्माराजे उद्यान आहे.

चौपाटी : फिरायला येणाऱ्यांची वेळ सकाळी उजाडताना व संध्याकाळी. मध्यम चालीने पुऱ्या प्रदक्षिणेस सु. एक तास लागतो. पूर्व काठावरून सूर्यास्त पाण्यावर दिसतो. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमारास, जुलैच्या आरंभी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो, पण तेव्हा ढग असतात. उन्हाळ्यात सूर्य पॅलेसच्या बाजूला सरकलेला असतो, थंडीत त्याच्या बराच डावीकडे मावळतो. पॅलेससह छायाचित्र हवे असल्यास मे महिना योग्य. भेळ, रगडा पॅटीस व भाजलेली कणसे यांचे गाडे येथे लागतात. पाण्यावरच्या दमट वाऱ्याने चुरमुरे लवकर सादळतात, म्हणून भेळ कालवल्याबरोबर खावी आणि बांधून न्यायची तर चिंचेचे पाणी वेगळे घ्यावे.

  

पाणी व प्रदूषण : वसाहती वाढल्या तसे शाम सोसायटी, देशमुख हॉल, सरनाईक वसाहत व परताळा या बाजूंच्या नाल्यांतून सांडपाणी तलावात येऊ लागले. साबणातील फॉस्फेट व मैल्यातील नायट्रोजन यांवर केंदाळ (जलपर्णी) आणि नील-हरित शेवाळ पोसते. केंदाळ हाताने किंवा यंत्राने काढले, तरी काठावर ढीग ठेवल्यास ते कुजून तेच पोषक द्रव्य पावसाबरोबर परत पाण्यात जाते. ते लगेच दूर न्यावे लागते. शेवाळ रात्री प्राणवायू वापरते, म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. पाणी पोपटी दिसून साय धरल्यासारखे झाले व वास येऊ लागला, तर त्यात हात-पाय घालू नयेत, जनावरांना पाजू नये. मायक्रोसिस्टिस जातीचे शेवाळ यकृतास अपायकारक विष सोडू शकते. नाले अडवून मलवाहिनीत वळविणे हाच मूळ उपाय. त्यातील अडचण अशी की, जोराच्या पावसात वळवलेल्या वाहिन्या तुंबतात व सांडपाणी पुन्हा जुन्याच वाटेने तलावात उतरते, त्यामुळे पावसाचे पाणी व मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. भिंतीच्या सांध्यांत पिंपळ-उंबर रुजले, तर ते लहान असतानाच मुळासह काढावे. नुसते छाटल्यास मुळे जाड होऊन दगड बाहेर ढकलतात. गणेशमूर्तींचे विसर्जन अलीकडे मोठ्या प्रमाणावर इराणी खणीत होते, त्यामुळे प्लास्टर व रंगांचा गाळ मुख्य तलावात पडत नाही.