वसतिगृहातून कार्यकारिणीकडे: कर्णबधिर संघटनांच्या नेतृत्व प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडो व्हॅली स्टेट कॉलेजात एक पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आज हे कॉलेज नॉर्थरिजचं राज्य विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. कर्णबधिरांच्या क्षेत्रासाठी नेते घडवायचे, हा अभ्यासक्रमाचा उद्देश होता. विद्यार्थी निवडले गेले, वर्ग भरले, आणि त्या वर्गात एकही कर्णबधिर नव्हता. कर्णबधिर विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला १९६४ उजाडलं. ज्यांचं नेतृत्व करायचं, ते सोडून बाकी सगळे नेतृत्व शिकत होते.

याला कुणाची दुष्टबुद्धी कारणीभूत होती असं मला वाटत नाही. त्या काळाच्या रीतीला ते धरूनच होतं. पण ही रीत पडली कशी, हे बघायला आणखी मागे जावं लागतं. कर्णबधिरांमध्ये पुढारी कधीच नव्हते असं नाही. पुढारी तयार होण्याच्या त्यांच्या स्वतःच्या जागा होत्या. त्यातल्या काही मोडल्या, काही ओस पडल्या. आज ज्याला नेतृत्व आणि पाठपुरावा (म्हणजे आपल्या मागण्या सरकारपुढे लावून धरणं) प्रशिक्षण म्हणतात, ते बरंचसं त्या जागांची भरपाई आहे.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत ‘मूकबधिर’ अजूनही सर्रास लिहिलं जातं. त्यातला ‘मूक’ संघटनांना खटकतो, आणि ते बरोबरच आहे. हातांनी रात्रभर वाद घालणाऱ्या माणसाला मुका कसं म्हणायचं? इटलीत २००६ च्या एका कायद्याने सरकारी भाषेतून ‘मूकबधिर’ या अर्थाचा शब्द काढून त्या जागी नुसता ‘बधिर’ घातला. इंग्रजीत १९७० च्या दशकापासून भाषिक समाज म्हणून ओळख सांगायची असेल तर ‘डेफ’चं पहिलं अक्षर मोठं लिहितात. देवनागरीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे आपल्याला ते वाक्यातूनच सांगावं लागतं. इथे ‘कर्णबधिर समाज’ म्हणजे सांकेतिक भाषा ही ज्याची रोजची भाषा आहे तो समाज.

पॅरिसमध्ये १७६० च्या सुमारास शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिर मुलांना सांकेतिक भाषेतून शिकवायला सुरुवात केली. शाळेमुळे अक्षरओळख झाली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विखुरलेली मुलं एका छताखाली आली. त्याच शाळेत शिकून पुढे तिथेच शिक्षक झालेल्या फेर्दिनां बेर्तिए याने १८३४ च्या नोव्हेंबरात लेपेच्या जयंतीनिमित्त एक मेजवानी भरवली. दरवर्षी होणाऱ्या या मेजवान्यांत भाषणं सांकेतिक भाषेत व्हायची. ऐकू येणारे पाहुणे आणि पत्रकारही बोलावले जायचे, आणि भाषा न कळल्याने तिथे अडायचे ते हे पाहुणेच. लोकांना आपल्या बाजूला कसं वळवायचं याचा हा धडा कुठल्याही पुस्तकाआधीचा आहे. १८३८ मध्ये बेर्तिएने कर्णबधिरांची संस्था स्थापन केली, १८४८ च्या क्रांतीनंतर तो निवडणुकीला उभा राहिला, आणि १८६८ मध्ये त्याने फ्रान्सचा दिवाणी कायदा कर्णबधिरांना आणि त्यांच्या घरच्यांना समजेल अशा पद्धतीने मांडणारं पुस्तक छापलं. ‘कायदा वाचायला शिका’ हे सत्र आज अशा बहुतेक प्रशिक्षणांत असतं. त्याचा आद्य प्रशिक्षक बेर्तिए म्हणायला हरकत नाही.

पॅरिसच्या या शाळेतला लोरां क्लेर्क १८१६ मध्ये थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. पुढच्याच वर्षी हार्टफर्डला शाळा निघाली, आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ठिकठिकाणी शाळा काढल्या. १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या सहीने वॉशिंग्टनच्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तेच आजचं गॅलॉडेट विद्यापीठ.

या शाळा निवासी होत्या, आणि पार्श्वभूमीच्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात जेवताना चाललेल्या गप्पा, भाऊबंदकीचे वाद, कोणी कोणाला कसं पटवलं, ग्रामसभेत काय झालं, हे सगळं ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानावर न शिकवता पडत असतं. कर्णबधिर मुलाला विचारल्यावर ‘काही नाही, नंतर सांगते’ एवढंच उत्तर मिळतं. ही तूट भरून निघायची ती वसतिगृहात. मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगायची, भांडणं सोडवायची, खेळांचे संघ निवडायची, रेक्टरशी घासाघीस करायची. नेतृत्व हा विषय कुणी शिकवत नव्हतं, तरी तो शिकला जात होता.

मग १८८० साल आलं. ऑगस्टच्या अखेरीस सिनसिनाटीत अमेरिकेतल्या कर्णबधिरांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याशिवाय होऊ नयेत, ही त्यामागची तळमळ. जेमतेम दोन आठवड्यांत, ६ ते ११ सप्टेंबरला, मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यात कर्णबधिर एकच. तिथे ठराव झाला की शिक्षणात तोंडी भाषेलाच प्राधान्य द्यायचं. पुढच्या काही दशकांत बऱ्याच देशांच्या वर्गांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली.

मिलानबद्दल लिहिताना बहुतेक वेळा भाषेचं नुकसान सांगितलं जातं. संघटनांच्या दृष्टीने दुसरं नुकसान तितकंच खोल होतं. ओठ वाचायला आणि उच्चार काढायला कर्णबधिर शिक्षक शिकवू शकणार नाहीत, म्हणून त्यांच्या नोकऱ्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या या शाळांमध्ये कर्णबधिर शिक्षकांचं प्रमाण एका टप्प्यावर ४० टक्क्यांच्या आसपास होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते १५ टक्क्यांवर आलं. मोठेपणी आपण कोण होऊ शकतो, हे मुलांना ज्यांच्याकडे बघून कळत होतं, तीच माणसं वर्गातून गेली. ब्रिटनमध्ये १८९० साली फ्रान्सिस मॅगिन या कर्णबधिर कार्यकर्त्याच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघटना निघाली, पण अध्यक्षपदी बसले ते ऐकू येणारे पाद्री. चर्चच्या वतीने कर्णबधिरांत काम करणाऱ्या सेवाभावी ‘मिशनर’ मंडळींचा हा वरचष्मा इतका टिकला की १९७६ मध्ये नाराज तरुणांना वेगळं राष्ट्रीय मंडळ काढावं लागलं.

शाळेने दार लावलं, तेव्हा क्लबांनी उघडलं. शनिवारची संध्याकाळ, पत्त्यांचे डाव, नाटकं, आणि मुख्य म्हणजे खेळ. १९२४ मध्ये फ्रान्सच्या युजेन रुबेन्स-अल्केस यांच्या पुढाकाराने पॅरिसला नऊ देशांच्या कर्णबधिर खेळाडूंचे सामने भरले. आजच्या डेफलिंपिक्सची ही सुरुवात. सामने भरवायचे म्हणजे वर्गणी, हिशेब, नियमावली, पत्रव्यवहार, पंचांची नेमणूक आणि तक्रारी असं सगळंच आलं. कित्येक खजिनदार आणि सचिव याच तालमीत तयार झाले. क्रीडा संघटनांना ‘नुसते खेळ’ म्हणून बाजूला सारणारे हा भाग विसरतात. त्याआधी, १९१३ च्या आसपास, अमेरिकी संघटनेने जॉर्ज व्हेडिट्झ यांच्या पुढाकाराने आपल्या उत्तम वक्त्यांचं चित्रीकरण करून ठेवलं. भाषा संपेल या भीतीने केलेलं ते काम पुढे वक्तृत्वाचे नमुने म्हणूनही उपयोगी पडलं.

सप्टेंबर १९५१ मध्ये रोमला कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. यजमान होती इटलीची राष्ट्रीय संघटना. स्थापनेची २३ सप्टेंबर ही तारीख २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळली जाते. महासंघामुळे राष्ट्रीय संघटना एकमेकींना बघू लागल्या. उत्तर युरोपातल्या सधन संघटनांनी पुढे आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या संघटनांना हात दिला. फिनलंडच्या संघटनेचं काम यात ठळक आहे. आफ्रिकेत त्याआधीच अँड्र्यू फॉस्टर पोहोचले होते. गॅलॉडेटची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय कर्णबधिर. १९५७ मध्ये ते घानात गेले, आणि १९८७ मध्ये विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत त्यांनी १३ देशांत ३२ शाळा काढल्या. तिथल्या अनेक राष्ट्रीय संघटनांची पहिली फळी या शाळांतूनच आली.

मात्र संघटनांचं सगळंच सोनं नव्हतं. अमेरिकी राष्ट्रीय संघटनेत स्त्रियांना मतदानाचा हक्क आणि कृष्णवर्णीयांना सभासदत्व मिळायला १९६० च्या दशकाचा मध्य यावा लागला. ‘आमच्याशिवाय आमच्याबद्दल नको’ म्हणणाऱ्यांच्या ‘आमच्या’त कोण कोण येतं, हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि अजून मिटलेला नाही. कृष्णवर्णीय कर्णबधिरांनी १९८२ मध्ये स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना उभारली, तीही याच अनुभवातून.

दरम्यान १९६० मध्ये गॅलॉडेटचे प्राध्यापक विल्यम स्टोको यांनी सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असल्याचं दाखवून दिलं. चार वर्षांनी अमेरिकेत दुभाषांची व्यावसायिक नोंदणी सुरू झाली. १९६९ मध्ये अमेरिकी संघटनेने किशोरांसाठी नेतृत्व शिबिर सुरू केलं. आणि अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९७५ च्या अमेरिकी कायद्यानंतर कर्णबधिर मुलं मोठ्या संख्येने साध्या शाळांत जाऊ लागली. शिक्षणाच्या हक्काच्या दृष्टीने ही प्रगती होती, पण अख्ख्या शाळेत एकच कर्णबधिर मूल असं चित्र वाढलं. वसतिगृहं रिकामी होऊ लागली, पुढे क्लबही ओसरले. वसतिगृहात नकळत घडायचं ते आता शिबिरात मुद्दाम घडवावं लागत होतं.

मार्च १९८८ मधलं गॅलॉडेटचं आंदोलन सगळ्यांना ठाऊक असतं. विद्यापीठाच्या १२४ वर्षांत एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता, आणि विश्वस्तांनी पुन्हा ऐकू येणारी व्यक्ती नेमली. विद्यार्थ्यांनी दारं अडवली. आठवडाभरात आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले, आणि विश्वस्त मंडळाचं अध्यक्षपद प्रथमच फिल ब्रेव्हिन या कर्णबधिर विश्वस्ताकडे गेलं. प्रशिक्षणाच्या दृष्टीने लक्षात ठेवावा असा भाग मागण्यांचा. त्या चारच होत्या: कर्णबधिर अध्यक्ष, मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांचा राजीनामा, मंडळावर ५१ टक्के कर्णबधिर, आणि आंदोलकांवर कारवाई नको. मोजता येतील, पत्रकाराला एका दमात सांगता येतील अशा. शिवाय आंदोलन उत्स्फूर्त दिसलं तरी नेमणुकीआधीच्या सभेची तयारी काही तरुण माजी विद्यार्थ्यांनी केली होती, आणि पुढे दिसणाऱ्या चार विद्यार्थी नेत्यांचं शालेय आणि घरचं बाळकडू कर्णबधिर समाजातलंच होतं.

त्यानंतर प्रशिक्षणाला वेगळा आकार आला. जागतिक महासंघाचा युवा विभाग १९९५ मध्ये स्थापन झाला. आशियातल्या कर्णबधिर नेत्यांसाठी जपानी निधीतून शिष्यवृत्त्या आणि अभ्यासक्रम निघाले. डेन्मार्कच्या कास्टबर्गगार्डमध्ये जगभरच्या कर्णबधिर तरुणांसाठी फ्रंटरनर्स हा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला, जिथे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही कर्णबधिर. निवासी, हे लक्षात घ्या. गाडी फिरून पुन्हा वसतिगृहापाशी आली.

पाठपुराव्याला नेमकी पकड मिळाली ती १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारामुळे. मसुद्याच्या वाटाघाटींत महासंघाचे लोक बसले होते. फिनलंडच्या लीसा काउप्पिनेन यांचं नाव त्यात आदराने घेतलं जातं. करारात सांकेतिक भाषेचा स्पष्ट उल्लेख पाच कलमांत आहे, आणि कलम ४ सरकारांना अपंगांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करायला बांधून घालतं. या संघटना म्हणजे कोणत्या, हे कराराचं पालन तपासणाऱ्या समितीच्या २०१८ च्या सामान्य भाष्य क्रमांक ७ मध्ये आलं: ज्यांचं नेतृत्व आणि संचालन अपंग व्यक्तींच्याच हाती आहे त्या. ‘अपंगांसाठी’ चालवलेल्या सेवाभावी संस्था वेगळ्या. इतकी वर्षं ज्या खुर्चीवर भांडण होतं, ती खुर्ची आता कागदावर आली. सरकार बोलावणार असेल तर जाणारा तयार हवा, म्हणून प्रशिक्षणाची मागणी एकदम वाढली.

पाठपुरावा फळाला येतो तेव्हा किती वर्षं लागतात, याचं दक्षिण आफ्रिका हे चांगलं उदाहरण. तिथे १९९९ मध्ये विल्मा न्यूहाउट-ड्रुचेन या कर्णबधिर खासदार संसदेत गेल्या. डिसेंबर २०१३ मध्ये नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत व्यासपीठावरचा दुभाषा निरर्थक हातवारे करत होता, तेव्हा सभा चालू असतानाच कर्णबधिर समाजाने, त्यात या खासदारांनीही, ते उघड केलं. जगभर त्यावर विनोद झाले. संघटनांनी मात्र त्या लाजिरवाण्या प्रसंगाचा उपयोग आपली जुनी मागणी पुढे रेटण्यासाठी केला, आणि जुलै २०२३ मध्ये सांकेतिक भाषा देशाची बारावी अधिकृत भाषा झाली.

प्रशिक्षणात प्रत्यक्ष काय चालतं, ते बाहेरच्याला रुक्ष वाटेल. संघटनेची घटना कशी वाचायची, विषयपत्रिका कशी लावायची, इतिवृत्तात काय लिहायचं, हिशेब तपासनिसाला काय दाखवायचं. हे सगळं लेखी भाषेत असतं, आणि ती बहुतेकांची दुसरी भाषा. म्हणूनच कित्येक संघटनांत अध्यक्ष कर्णबधिर आणि कागदपत्रं ऐकू येणाऱ्या सचिवाच्या कपाटात, अशी विभागणी वर्षानुवर्षं चालते. चांगले प्रशिक्षक आधी हे कपाट उघडायला लावतात. मग निवेदन लिहिणं, कराराच्या जिनीव्हातल्या समितीसाठी समांतर अहवाल (सरकारच्या अहवालाशेजारी संघटनेचा स्वतःचा) तयार करणं, अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या कार्यकर्त्यांच्या संघटनांशी युती करणं हे विषय येतात. माझ्या मते सगळ्यात दुबळी बाजू निवडीची आहे: लेखी भाषा आणि आंतरराष्ट्रीय खुणा (वेगवेगळ्या देशांतले कर्णबधिर एकमेकांशी बोलताना वापरतात त्या) बऱ्यापैकी येणारी शहरातली तीच चार माणसं दर वेळी पाठवली जातात, आणि निधीचा प्रकल्प संपला की शिकलेलं त्यांच्यापाशीच राहतं.

एक सराव मात्र जवळपास सगळीकडे असतो. एक जण अधिकारी होतो, एक दुभाषा, आणि तिसरा आपली मागणी घेऊन येतो. अधिकारी ठरल्याप्रमाणे दुभाषाकडे बघून बोलतो, ‘यांना विचारा, यांचं म्हणणं काय आहे?’ आलेल्याने तिथेच थांबायचं, अधिकाऱ्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत एक खूणही करायची नाही, आणि ती वळली की मागच्या ठरावाची तारीख सांगून सुरुवात करायची.