एसेक्स आणि मोबी डिक : देवमासा तोच, गोष्ट मात्र वेगळी

'इन द हार्ट ऑफ द सी' हा रॉन हॉवर्डचा २०१५ चा पिक्चर, त्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, अरे तो मोबी डिकवरचा ना, क्रिस हेम्सवर्थवाला. तर नाही, मोबी डिकवरचा नाहीये तो. तो एसेक्स नावाच्या खऱ्या जहाजावरचा आहे जे नोव्हेंबर १८२० मध्ये प्रशांत महासागरात बुडालं, आणि मोबी डिक ही हर्मन मेलव्हिलची कादंबरी, ती आली १८५१ ला. घोळ होतो त्यात बघणाऱ्यांची फार चूक नाही, पिक्चर सुरूच होतो तो मेलव्हिल एसेक्सवरच्या थॉमस निकरसन नावाच्या म्हाताऱ्या खलाशाला पैसे देऊन गोष्ट सांगायला लावतो तिथून, मग माणसाला वाटणारच की आता समोर जे दिसणार तेच कादंबरीत असणार.

साम्य आहेच, आणि बऱ्यापैकी आहे. दोन्ही जहाजं, खरं एसेक्स आणि कादंबरीतलं पेक्वॉड, अमेरिकेच्या नँटुकेट बेटावरची. दोन्ही स्पर्म व्हेलच्या शिकारीवर निघालेली, कारण त्या काळात दिव्याचं तेल आणि चांगल्या मेणबत्त्या या देवमाशाच्या डोक्यातनं आणि चरबीतनं यायच्या. (आपल्याकडे कोकणात 'व्हेलची उलटी' पकडली म्हणून अधूनमधून बातमी येते ना, ती याच जातीच्या देवमाशाची.) आणि दोन्हीकडे देवमासा जहाजाला धडक मारतो आणि जहाज तळाला जातं. बस, साम्य इथं संपलं.

कादंबरीत ही धडक अगदी शेवटी येते. शेकडो पानं कॅप्टन एहाब त्या पांढऱ्या देवमाशाला शोधत फिरतो, त्यानं पाय तोडलाय म्हणून सूड घ्यायचाय, मग तीन दिवस पाठलाग, जहाज बुडतं, एकटा इश्मेल वाचतो आणि पुस्तक मिटतं. एसेक्सच्या बाबतीत धडक म्हणजे सुरुवात आहे. २० नोव्हेंबरला साधारण ८५ फुटी देवमासा आला, जहाज स्वतःच जेमतेम तेवढ्या लांबीचं, त्यानं दोनदा टक्कर दिली आणि निघून गेला, परत कुणाला दिसला नाही. त्याच्यापुढं वीस माणसं, तीन छोट्या होड्या आणि जवळपास तीन महिने, खरी गोष्ट ती आहे आणि त्यात देवमाशाचं काही कामच नाही. म्हणून पिक्चरमध्ये तो देवमासा होड्यांच्या मागेमागे येत राहतो, खुन्नस धरल्यासारखा, ते मला पटलंच नाही. ते कादंबरीतनं उचललेलं आहे, तिथं शोभतं, इथं नाही.

एक मात्र मान्य करायला हवं, की देवमाशानं मुद्दाम केलं ही कल्पना हॉलिवूडची नाही. एसेक्सचा फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, ओवेन चेज वाचून परत आला आणि १८२१ लाच त्यानं हकीकत छापली, त्यात त्यानं स्वतःच लिहिलंय की दोन्ही धडका विचार करून मारल्यासारख्या वाटल्या. मेलव्हिल तरुणपणी व्हेलिंगच्या, म्हणजे देवमाशांच्या शिकारीच्या, जहाजावर होता तेव्हा त्याला चेजचा मुलगा भेटला आणि त्यानं वडिलांचं हे पुस्तक वाचायला दिलं, ठिणगी पडली ती तिथं. पण पांढरा रंग एसेक्सचा नाही हं, तो दुसरीकडचा, चिलीच्या मोचा बेटाजवळ मोचा डिक नावाचा एक पांढरा स्पर्म व्हेल शिकाऱ्यांमध्ये गाजलेला होता आणि त्याच्यावर १८३९ ला एका मासिकात लेख आला होता. म्हणजे कादंबरीसुद्धा एका एसेक्सवर उभी नाहीये.

आता कॅप्टन, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. एहाब कुणाचं ऐकत नाही आणि त्यामुळे सगळे मरतात. एसेक्सचा जॉर्ज पोलार्ड अगदी उलट, तो फार ऐकायचा! निघाल्यावर दोनच दिवसांत वादळात जहाज पार आडवं झालं, होड्या गेल्या, तेव्हा पोलार्ड म्हणाला परत नँटुकेटला जाऊन दुरुस्ती करू, पण चेज आणि सेकंड मेट मॅथ्यू जॉय दोघं म्हणाले पुढं जाऊ आणि हा ऐकून गेला. जहाज बुडाल्यावरही तेच, पोलार्डचं म्हणणं सोसायटी बेटांकडे म्हणजे ताहितीच्या बाजूला जाऊ, वारा तिकडचाच आहे, तर पुन्हा हे दोघं नको म्हणाले आणि पुन्हा त्यानं ऐकलं. दोन्ही वेळा कॅप्टनचं बरोबर होतं. पिक्चरमध्ये हाच पोलार्ड बड्या घरचा अकडू माणूस दाखवलाय, चेजचा सल्ला झिडकारून जहाज वादळात घालणारा, म्हणजे एहाबचा थोडा मसाला याच्यावर भुरभुरलाय आणि चेजला हिरो केलंय. माझ्या मते पिक्चरची सगळ्यात मोठी गल्लत ही, देवमाशापेक्षाही.

कारण त्या दुसऱ्या निर्णयातच सगळं आलं. पश्चिमेच्या बेटांवर का नाही गेले? तर तिथं नरभक्षक राहतात अशी भीती. मार्केसास बेटं साधारण १२०० मैलांवर होती, ताहितीत तर १७९७ पासून इंग्रज मिशनरी बसलेले होते पण यांना पत्ता नाही. त्याऐवजी दक्षिण अमेरिका गाठायची ठरवलं, जी दोन हजार मैलांच्या पुढं आणि वारा समोरून, म्हणजे आधी खाली दक्षिणेला जायचं आणि मग वारा बदलला की पूर्वेला. माणशी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी, थोडी कडक बिस्किटं, त्यातली काही समुद्राच्या पाण्यात भिजलेली, ती खाल्ली की तहान अजून वाढायची. महिन्याभरानं हेंडरसन बेट लागलं, तिथलं खाणं आठवड्यात संपवलं, तिघं तिथंच थांबले आणि बाकीचे निघाले. आणि मग जानेवारीत, नरभक्षकांना घाबरून वाट बदललेल्या या माणसांनी मेलेल्या सोबत्यांना खायला सुरुवात केली. पोलार्डच्या होडीत तर कुणाला मारून खायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, नाव निघालं ओवेन कॉफिनचं, वय अठरा, पोलार्डचा सख्खा मावसभाऊ, आणि गोळी घातली त्याच्याच मित्रानं, चार्ल्स रॅम्सडेलनं.

पिक्चरमध्ये चिठ्ठी पोलार्डची निघते आणि कॉफिन त्याच्यावर गोळी झाडायला नकार देऊन स्वतःला संपवतो. हे बघायला सोपं जातं, खरं होतं ते बघवत नाही, म्हणून बदललं असणार. आणखी एक गोष्ट पिक्चर गिळून टाकतो, होड्यांत बसलेल्या काळ्या खलाशांपैकी एकही वाचला नाही, पहिल्यांदा ज्यांची प्रेतं खाल्ली गेली ते चौघंही काळेच होते, आणि होड्यांमधनं जे पाच जण वाचले ते पाचही नँटुकेटचे. बेटावरचे तिघं एप्रिलमध्ये सापडले, एकूण आठ. यातलं कादंबरीत काहीच नाही, तिथं एक इश्मेल वाचतो आणि तो कुणाला खात नाही.

चेजचा एक प्रसंग दोन्हीकडे लावून बघा. खऱ्या घटनेत पहिल्या धडकेनंतर देवमासा जहाजाला अगदी लागून होता, चेजच्या हातात भाला, पण शेपटी सुकाणूजवळ होती, तो उसळला तर सुकाणू मोडेल म्हणून चेज थांबला. निव्वळ हिशोब. पिक्चरमध्ये हाच थांबण्याचा क्षण खूप पुढं नेलाय, होडीत बसलेला चेज देवमाशाच्या डोळ्यात बघतो आणि त्याला मारत नाही. सीन सुंदर आहे, पण तो २०१५ च्या माणसाचा आहे, चेजचा नाही, चेज परत आल्यावर वर्षाच्या आत पुन्हा देवमासे मारायला निघाला होता.

आणि ती मेलव्हिल-निकरसन भेट? झालीच नाही. एसेक्सवर केबिन बॉय, म्हणजे हाताखालचा पोरगा, असलेल्या थॉमस निकरसननं आपली हकीकत लिहिली १८७६ ला, वही सापडली १९६० मध्ये, छापून आली १९८४ ला, मेलव्हिल त्याच्या खूप आधी १८९१ ला गेला होता. पिक्चरमधलं १८५० साल चालू असताना म्हातारा निकरसन जमिनीत भोक पाडून तेल सापडल्याचं बोलतो तेही असंच, पेनसिल्व्हेनियातली ती प्रसिद्ध विहीर १८५९ ची. मेलव्हिल भेटला तो पोलार्डला, १८५२ मध्ये, म्हणजे कादंबरी छापून झाल्यावर. पोलार्डचं दुसरं जहाजसुद्धा १८२३ मध्ये हवाईच्या बाजूला खडकावर आपटून फुटलं होतं, त्यानंतर त्याला कुणी व्हेलिंगच्या जहाजाचं कॅप्टन केलं नाही आणि मेलव्हिल भेटला तेव्हा तो नँटुकेटमध्ये रात्रीची गस्त घालायचं काम करत होता.